खातेवहीतला ऑक्टोबर

१ ऑक्टोबर २०१९. यादीतला पहिला शब्द होता 'रिंग'. मी फवारणी पंपाचा वॉशर काढला आणि तो बटाट्यासारखा आला. काउंटरपलीकडच्या गिऱ्हाइकानं मान वाकडी करून पाहिलं. "कांदा व्हय काय भाऊ?"

असे वॉशर मी रोज विकतो. डोळे मिटून डब्यात हात घातला तरी कोणत्या पंपाचा कोणता ते बोटांना कळतं. कागदावर मात्र साधा गोल येईना. शेवटी त्या 'कांद्या'ला आतून आणखी एक गोल काढला, एका बाजूला सावली भरली, खाली तारीख टाकली. पहिला दिवस संपला.

यादी पाठवली होती पुतणीनं. ती नागपूरला चित्रकला शिकते. "काका, तुम्ही बिलाच्या मागं बैल काढत बसता, त्यापेक्षा हे करा," असं म्हणून तिनं इंकटोबरची ३१ शब्दांची यादी मोबाइलवर धाडली. अमेरिकेतल्या जेक पार्कर या चित्रकारानं २००९ साली शाईवरचा स्वतःचा हात सुधारावा म्हणून महिनाभर रोज एक चित्र काढायचं ठरवलं, आणि पाहता पाहता जगभरची माणसं दर ऑक्टोबरला तेच करू लागली. २०१६ पासून शब्दांची यादीही निघते. नियम सोपे आहेत. रोज एक चित्र, ते शाईनं. आधी पेन्सिल फिरवलेली चालते, पण शेवटचा शब्द शाईचा.

मी यवतमाळ जिल्ह्यात, घाटंजी तालुक्यातल्या एका गावात कृषी केंद्र चालवतो. चित्रकलेशी माझा अधिकृत संबंध इंटरमिजिएट ग्रेड परीक्षेपाशी संपला. वस्तुचित्रात तांब्या बरा आला होता, स्मृतिचित्रात 'बाजारचा दिवस' काढताना सगळी माणसं पाठमोरी काढली, कारण चेहरे जमत नव्हते. मिळाली बी ग्रेड. नंतर दुकान, संसार. चित्रं निघत राहिली ती बिलबुकाच्या मागच्या बाजूला आणि बियाण्याच्या रिकाम्या पिशव्यांवर.

मग प्रश्न आला कागदाचा. चित्रकलेची वही घाटंजीत मिळते, पण तिच्या कागदावर शाईचं पेन टेकवलं की रेघ गोगलगायीसारखी पसरते. मला आठवली उधारीची वही. लाल कापडी बांधणीची, २०० पानांची, पानांवर आकडे छापलेली. तिचा कागद गुळगुळीत आणि चिवट. शाई आत झिरपत नाही, वर बसते. उधारी तेव्हा पान १३० च्या आसपास होती. मी वही उलटी केली आणि २०० व्या पानापासून मागून सुरुवात केली. पुढून उधारी, मागून चित्रं.

बाबांनी तिसऱ्या दिवशी पकडलं. दुकान त्यांनीच टाकलेलं. आता ते सकाळी दोन तास खुर्चीवर बसतात आणि सगळं पाहतात. "उधारीच्या वहीत चित्रं काढते काय बे कोनी?" मी म्हटलं, शेवटची पानं तशीही कोरीच राहतात. त्यांनी चष्मा वर केला. "काढ. पन पान फाडजो नको. फाटलेलं पान दिसलं का लोकाईले वाटते, त्याच्यावर कोनाचं तरी काहीतरी होतं." हा त्यांचा फार जुना नियम. लिहिताना चूक झाली तर आडवी रेघ मारायची, पण पान वहीतच राहिलं पाहिजे.

त्या तिसऱ्या दिवसाचा शब्द होता 'बेट', म्हणजे आमिष. यादी करणाऱ्याच्या मनात गळ आणि गांडूळ असणार. माझ्या डोक्यावर छताला कामगंध सापळे टांगलेले होते. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीनं कापूस आतून खाल्ला, तेव्हापासून हे सापळे गावात लहान पोरांनाही माहीत आहेत. नरसाळं, त्याखाली प्लास्टिकची पिशवी, वर झाकण, आणि झाकणाखाली रबराच्या बुचासारखी छोटी गोळी, ल्युर. तिला मादी पतंगाचा वास असतो. नर त्या वासावर येतो, मादी शोधत घिरट्या घालतो आणि नरसाळ्यातून खाली पडतो. एका सापळ्यात सलग ३ रात्री, दर रात्री ८ पतंग पडले की फवारणीचा विचार करायचा, हे मी हंगामात शेकडो वेळा सांगतो.

सापळा काढायला बसलो तर झाकण हवेतच तरंगू लागलं. ते नरसाळ्यावर टेकतं कसं, हेच मला सांगता येईना. दोन वर्षं विकत होतो. शेवटी काठीनं एक खाली काढला आणि पाहिलं. झाकण टेकतच नाही, बाजूच्या बारक्या दांड्यांवर उभं असतं, आणि मधल्या त्या फटीतूनच तर पतंग आत जातो. फट नसती तर सापळाच नसता. एवढी साधी गोष्ट मला चित्र अडल्यावर दिसली. पुतणीला फोनवर सांगितलं तर ती हसली, म्हणाली, आमचे सर पहिल्या वर्षी हेच सांगतात आणि आम्हाला कंटाळा येतो.

आता खरं सांगायचं तर यादीचा मला राग यायचा. चौथा शब्द 'फ्रीझ', सहावा 'हस्की', अकरावा 'स्नो', बारावा 'ड्रॅगन'. आमच्याकडे ऑक्टोबर म्हणजे पाऊस सरला आणि थंडी अजून पोचली नाही अशा मधल्या चिकट उकाड्याचा महिना. दुकानातला पंखा फिरतो आणि औषधांचा वास तेवढा जागचा हलवतो. त्यात हा माणूस म्हणतो, बर्फ काढा. हस्की म्हणजे बर्फात गाडी ओढणारं कुत्रं, हे मला मोबाइलवर पाहावं लागलं. मी सोयाबीनची फोलपटं काढली. हस्क म्हणजे फोलपट, शब्दाची खेचाखेची केली म्हणा. ड्रॅगनची गरज कुंपणावरच्या सरड्यावर भागवली. दुसऱ्या दिवसाचा 'माइंडलेस' मी सोडूनच दिला होता. न डोकं वापरता करण्याजोगं काम पाहायचं तर त्या दिवशी गिऱ्हाइकांच्या थैल्यांवर भाव लिहीत बसलो होतो, तेच झालं.

'स्नो'नं मात्र अडवून धरलं. पटकन सुचणारी गोष्ट म्हणजे कापूस. पांढरं वावर, पांढरा बर्फ. इतकं सोपं सुचलं म्हणूनच नको वाटत होतं. पण काही शेतकऱ्यांनी सीतादही, म्हणजे वेचणीआधीची पूजा, करून वेचणी सुरू केली होती आणि एकानं पहिल्या वेच्यातली दोन बोंडं पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, फांदीसकट दाखवायला आणली होती. ती फांदी समोर ठेवली. पेन हातात घेतल्यावर कळलं की पांढरं काढता येतच नाही. शाई काळी. पांढरा म्हणजे कागद, तो आधीच तिथं आहे. आपण फक्त त्याच्या भोवतीचं काढायचं. मग मी बोंडाच्या वाळलेल्या पाकळ्या पाहू लागलो. कापूस फुटला की त्या मागं वळतात आणि त्यांची टोकं सुईसारखी होतात. वेचणाऱ्या बायांची बोटं त्यांच्यावरच फाटतात. त्या तपकिरी टोकांना एकावर एक तिरप्या रेघा टाकत काळं केलं, मागचं पान काळं केलं, फांदी काळी केली. मध्ये जे उरलं तो कापूस होता.

हे मला जमलं. ३१ दिवसांत दोन-तीन चित्रं जमली असतील, त्यातलं हे एक. एका बाईनं ते पाहिलं. हरभऱ्याचा भाव विचारायला आली होती. म्हणाली, "बोट टोचते हे पाहूनच." याहून चांगली दाद मला आजवर मिळालेली नाही. मोबाइलवर मिळालेले अंगठे धरून.

मधले दिवस पटापट गेले. १३ तारखेला 'अॅश', त्या रात्री कोजागिरी. दुधाच्या गंजाखालची, म्हणजे पातेल्याखालची, राख काढली. 'वाइल्ड'ला सगळ्यांनी एकमुखानं सांगितलं, वाघ काढ. टिपेश्वर अभयारण्य आमच्या शेजारीच, वाघाच्या गोष्टी चहाबरोबर फुकट मिळतात. मी रानडुक्कर काढलं. वाघानं माझ्या गिऱ्हाइकांपैकी कोणाचं वावर उकरलेलं नाही. डुकरासाठी माणसं रात्र-रात्र माळ्यावर जागलीला बसतात, थाळ्या वाजवतात. चित्र पाहून एकजण म्हणाला, "याले काढून काय करतं, याले तं हाकल." १९ तारखेच्या 'स्लिंग'साठी गोफण. घरात एक जुनी होती. काढता काढता बाहेर जाऊन फिरवूनही पाहिली, खडा शेजारच्या टिनावर पडला आणि तो विषय तिथंच मिटला. 'लेजेंड' सोडला. दंतकथा सांगणारे खूप आले, काढण्यासारखी एकही नव्हती.

२१ तारखेला विधानसभेचं मतदान. शब्द 'ट्रेझर'. सकाळी शाळेतल्या केंद्रावर रांग लावून मत दिलं आणि बोटावर शाईची रेघ घेऊन दुकानात आलो. त्या दिवशी मला दुसरं काही दिसतच नव्हतं. तीन आठवडे शाईशी झटत होतो. माझं काळं पेन पाण्याचा थेंब पडला की रडायला लागायचं, जेल पेन पानभर अंगठ्याचे ठसे उमटवायचं. आणि इथं एका काडीनं लावलेली रेघ, जी साबणानं जात नाही, घासून जात नाही. तिच्यात सिल्व्हर नायट्रेट असतं, कातडीवरच्या मिठाशी त्याचं जुळतं आणि उजेड लागला की काळं पडतं. लावली तेव्हा जांभळी होती, दुकानात पोचेपर्यंत काळपट झाली. १९६२ पासून ही शाई म्हैसूरचा एकच सरकारी कारखाना देशभर पुरवतो. मनात आलं, एवढीशी बाटली मिळाली तर पावसातही चित्र काढता येईल. मग कळलं की कागदाला घाम येत नाही, तिथं ती कितपत काळी होईल सांगता येत नाही. डाव्या हाताची तर्जनी काउंटरवर टेकवून उजव्या हातानं काढली. नखाच्या टोकापासून पेरापर्यंतची रेघ. आलेला प्रत्येकजण आपलं बोट चित्राशेजारी ठेवून पाहायचा. काळी, ठसठशीत, कोणाची वाकडी, कोणाची पुसट. खजिना म्हणावं असं त्यात काय, हे कोणीच विचारलं नाही. मलाही सांगता आलं नसतं.

त्यानंतर पाऊस आला. खरं तर तो आधीपासूनच पुढंमागं करत होता, पण दिवाळीच्या तोंडावर त्यानं धरलंच. सोयाबीनची सवंगणी, म्हणजे कापणी, होऊन गंज्या वावरात लागलेल्या. दुकानात बी-बियाणं मागणारे कमी झाले, ताडपत्री मागणारे वाढले. माझ्याकडच्या ताडपत्र्या दोन दिवसांत संपल्या. २२ आणि २३ तारखेला मी चित्र काढलंच नाही. यवतमाळहून आणखी ताडपत्र्या आणायला गेलो, त्या मिळाल्या नाहीत, रात्री उशिरा परतलो. 'घोस्ट' आणि 'एन्शंट' असे शब्द होते. पुतणी म्हणाली, राहिलेले एका दिवसात काढून टाका. नाही काढले. गेला तो दिवस गेला, त्याची उधारी ठेवायची नाही, निदान एका वहीत तरी.

२६ ला 'डार्क'. वीज गेलेली होती, मेणबत्तीत बसून अख्खं पान काळं केलं. खिडकीएवढा चौकोन तेवढा सोडला. बॉलपेननं इतकं घासलं की कागद मागून फुगला. दुसऱ्या दिवशी लक्ष्मीपूजन. आमच्याकडे पूजेत पैशांबरोबर उधारीची वही असते. बाबांनी वही पाटावर ठेवली आणि हळद-कुंकू वाहायला उघडली, ती नेमकी उलटीकडून. पहिलं पान आलं ते काळं. बाबा थबकले. मी काही बोलणार तेवढ्यात त्यांनी कुंकवाचं बोट त्या पांढऱ्या चौकोनात टेकवलं आणि म्हणाले, "जागा तं ठेवली तू." चिमूटभर कुंकू अजून पान १७९ वर आहे, आता विटकरी झालंय. त्याच रात्री 'कोट' या शब्दाला भिंतीवरचा चुन्याचा एक हात काढला. चुना दिलेला सुकलेला भाग आणि ओला भाग यातला फरक शाईत दाखवायला गेलो. दिसत नाही. मला माहीत आहे म्हणून मला दिसतो.

भाऊबीजेच्या दिवशी, २९ ला, शब्द आला 'इंजर्ड'.

दुकान अर्धा दिवस उघडं होतं. हा शब्द यादीत असल्याचं मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं आणि पहिल्या दिवसापासून मी तो टाळत होतो. २०१७ च्या पावसाळ्यात आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी आणि शेतमजूर गेले. त्या वर्षी पऱ्हाटी माणसाच्या डोक्यापर्यंत वाढली होती. एरवी औषध गुडघ्या-कमरेकडे मारलं जातं, त्या वर्षी ते तोंडासमोर उडत होतं. वर दमट उकाडा, अंगात साधा सदरा, तोंडाला ओला रुमाल. आणि दोन-तीन औषधं एकत्र केलेली. ते मिश्रण कोणतं, किती मात्रेत, हा सल्ला बहुतेक वेळा काउंटरच्या या बाजूनंच जायचा. 'सोबत हेही टाका, जोर येईल' हे वाक्य मी बोललेलो आहे. माझ्याकडून औषध नेलेल्या कोणाला काही झालं नाही. हे मी स्वतःला पुष्कळदा सांगतो, आणि ज्याअर्थी पुष्कळदा सांगावं लागतं...

आता दुकानात मास्क आणि हातमोजे पहिल्या फळीवर असतात. खपत कमी आहेत, पण असतात.

पाठीवर पंप घेतलेला माणूस काढायचा ठरवला. पहिल्या प्रयत्नात तो दप्तर घेतलेला पोरगा दिसत होता. मग पट्टे खांद्यात रुतवले, कंबर किंचित पुढं आणली, एक हात दांड्यावर, एक नळीवर. पण चित्रातली मुख्य गोष्ट माणूस नव्हती, झाडाची उंची होती. पऱ्हाटी किती वर न्यायची? छातीपर्यंत काढली तर बागेतला माळी वाटतो. मी ती वर नेत गेलो. खांदा झाकला, हनुवटी झाकली, नाकापर्यंत पानं आली, तेव्हा थांबलो. आता चेहऱ्यात फक्त डोळे उरले. परीक्षेत चेहरे टाळण्यासाठी मी माणसं पाठमोरी काढली होती. इथं चेहरा झाडानं झाकला, आणि ती पळवाट नव्हती.

दुसऱ्या दिवशी वही काउंटरवर उघडीच राहिली. तीन-चार जणांनी पाहिलं. 'हे काय व्हय' असं त्या एकाच पानाबद्दल कोणी विचारलं नाही.

३० ला 'कॅच'. रात्रभर पाऊस. दुकानाच्या मागच्या खोलीचं टिन गळत होतं, त्याखाली आईनं गंज ठेवलं होतं. ते काढलं, वरून पडणारे तीन थेंब काढले, झालं. पान १७५.

३१ तारखेला सकाळी एक शेतकरी आला, उधारीच्या पान ६१ वाला. भिजलेला. खिशातून मूठभर सोयाबीन काढून त्यानं काउंटरवर ठेवलं. गंजी वरून कोरडी दिसत होती म्हणे, आत हात घातला तर गरम. दाणे फुगून टरफलातून बाहेर आले होते आणि प्रत्येकाला पांढरा कोंब, कोणाचा तांदळाएवढा, कोणाचा पुरं पेरभर. दुकानात उगवणक्षमता तपासायला आम्ही गोणपाटावर १०० दाणे मोजून टाकतो आणि किती उगवले ते मोजतो. इतकं चांगलं उगवलेलं बी मी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. त्या वर्षी सोयाबीनचा हमीभाव ३,७१० रुपये क्विंटल होता. हे मात्र कोणत्याच भावात जाणार नव्हतं.

तेव्हा नुकसान झाल्यापासून ७२ तासांत विम्याला कळवायचं असायचं. अर्ज भरायला तो तालुक्याला निघाला होता, सोबत फोटो असला तर बरं असं त्याला कोणीतरी सांगितलेलं. त्याचा फोन बटणांचा. मी माझा मोबाइल काढला, दोन फोटो घेतले, छापून आण म्हणून दुकानही सांगितलं. तो ऐकत होता, पण नजर वहीकडे.

"आज कोनता शब्द हाय?"

"राइप," मी म्हटलं. "पिकलेलं."

तो हसला. मोठ्यानं, तोंड वर करून. "मंग काढ न बाप्पा. फोटू राहू दे, हेच लावतो अर्जाले."

त्यानं दाणे उचलून डाव्या ओंजळीत घेतले आणि हात काउंटरवर ठेवला. मी काढू लागलो. हात स्थिर होता, माझ्यापेक्षा स्थिर. तळव्याच्या रेघांत माती बसलेली, त्यामुळे रेघा आधीच शाईनं काढल्यासारख्या. तर्जनीच्या नखावर मतदानाची काळी खूण तशीच. कातडीवरची उडाली होती, नखावरची राहिली होती. दाणे मोजून १४ होते. मी दहा काढले आणि उरलेल्यांचे नुसते गोल करू लागलो, तर तो म्हणाला, "सगळ्याईले कोंब काढजो. एकालेबी बिनकोंबाचा ठेवू नको, साहेब तेवढाच मोजन."

चहा आला, त्याचा चहा त्याच हातानं घेता येईना म्हणून थंड झाला. वीस मिनिटं लागली असतील. चौदाही कोंब काढले. त्यानं चित्र उलटसुलट करून पाहिलं, हाताशेजारी धरलं.

"फाड," तो म्हणाला.

मी फाडलं. बांधणीजवळ पट्टी धरून, सरळ. त्यानं चार घड्या केल्या आणि मतदार ओळखपत्राच्या प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलं. ते त्यानं अर्जाला लावलं की नाही, मी कधी विचारलं नाही.

त्या वर्षी उधारी कमी झाली नाही. नोव्हेंबर-डिसेंबरात वसूल व्हायची ती पुढं सरकत राहिली, आणि मार्चअखेरीस हिशेबाला बसलो तेव्हा पुढची पानं १७२ पर्यंत भरलेली होती. बाबा जोरानं आकडे वाचत होते, मी यंत्रावर टाकत होतो. त्यांनी बोट ओलं करून पान उलटलं. १७२ नंतर एकदम १७५, त्यावर आईचं गंज आणि तीन थेंब. मध्ये बांधणीला चिकटलेली कागदाची बारीक पट्टी.

बाबांनी त्या पट्टीवरून बोट फिरवलं.

"कोनाचं होतं?"

"पान एकसष्ट," मी म्हटलं.

त्यांनी एकसष्टावं पान काढलं, बाकी पाहिली आणि पुढचा आकडा वाचायला घेतला.